समुद्रतळाचा लिलाव आणि गिरणेचा अनुभव

2024 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने भारताच्या समुद्रतळातल्या खनिजांचे पहिले 13 गट लिलावाला काढले. त्यातले 7 ग्रेट निकोबारजवळचे, बहुधातूंच्या गोट्यांचे. 3 गुजरातच्या किनाऱ्यापुढचे, चुनखडीच्या गाळाचे. आणि 3 केरळात कोल्लमसमोरचे, चक्क बांधकामाच्या वाळूचे. केरळात यावर रान पेटलं. मच्छीमारांनी बंद पाळला, विधानसभेने विरोधाचा ठराव केला. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात कुणाच्या कपाळावर आठी उमटली नाही. साहजिक आहे, आपल्याला समुद्र कुठे? नंदुरबारहून सुरत जवळ असली तरी आपण तिथे कापड घ्यायला जातो, खाडी बघायला नाही.

तरीही या लिलावाबद्दल बोलण्याचा अधिकार महाराष्ट्रात कुणाला असेल तर तो कोकणानंतर खान्देशाला आहे. वाळू उपसली की नेमकं काय होतं हे गिरणा, तापी, पांझरा, बोरी यांच्या काठच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: समुद्रतळावरचे उथळ उंचवटे सगळे एका जातीचे नसतात. काही आजही घडताहेत, काही केव्हाच घडून थांबलेत. थांबलेल्या उंचवट्यातली वाळू काढली तर ती परत येत नाही. कुठला उंचवटा कुठल्या जातीचा, हे लोकांसमोर मांडल्याशिवाय एकाचाही लिलाव होता कामा नये.

आधी आपल्याकडच्या एका गोड गैरसमजाचा निकाल लावू. ‘समुद्रातून वाळू आली की नद्यांवरचा ताण कमी होईल’ असं चांगली शिकलेली माणसं म्हणतात. बांधकाम व्यवसायातला एक परिचित तर याला पर्यावरणाची सेवा म्हणतो. कोल्लम ते जळगाव अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त. वाळू हा मुळात स्वस्त आणि जड माल. डंपरचं भाडं मालाच्या किमतीला केव्हाच मागे टाकतं. शिवाय समुद्राच्या वाळूत मीठ. ते गोड्या पाण्याने धुऊन काढलं नाही तर क्लोराइडमुळे स्लॅबमधली सळई गंजते. म्हणजे वाळू धुवायलाही पाणी हवंच. पारोळ्याच्या घरकुलाला लागणारी वाळू उद्याही बोरीतून किंवा गिरणेतूनच निघणार आहे. समुद्र खणल्याने आपली नदी सुटणार नाही, एवढं पक्कं समजून पुढे जाऊ.

आता हे उंचवटे होतात कसे?

पहिली जात आपल्या ओळखीची, कारण तिच्यात आपला माल आहे. तापी मुलताईला उगम पावते, चांगदेवला पूर्णा घेते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, गोमाई अशा नद्या पोटात घेत 724 किलोमीटरचा प्रवास संपवून सुरतेपुढे खंभातच्या आखाताला मिळते. खोरं साधारण 65 हजार चौरस किलोमीटरचं, त्याचा मोठा हिस्सा महाराष्ट्रात. सातमाळा, अजिंठ्याचे डोंगर, सातपुड्याची दक्षिण उतरण, या सगळ्यांची झीज पावसाळ्यात गढूळ पाण्यातून तिकडे जात आलेली आहे. नर्मदा, मही, साबरमती यांचीही भर त्याच आखातात.

हे आखात साधं नाही. ते नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत गेल्यामुळे भरतीचं पाणी त्यात कोंबलं जातं. भावनगरकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत 10 मीटरपर्यंत फरक पडतो. तीन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं नि दोनदा बाहेर जातं. एवढ्या ओढीत गाळ स्वस्थ बसत नाही. खळ्यावर बाजरी उफणताना दाणा जवळ पडतो आणि भूस लांब जातं, तसंच इथे होतं: जड वाळू प्रवाह मंदावतो तिथे पडते, बारीक चिखल पुढे वाहत जातो. एकदा तळावर थोडा उंचवटा झाला की तो स्वतःच प्रवाहाला वळवतो. त्याच्या एका अंगाने भरतीचा जोर, दुसऱ्या अंगाने ओहोटीचा; दोन्हीकडून कण माथ्याकडे सरकत राहतात. वर्षानुवर्षं असं चाललं की प्रवाहाच्या दिशेने लांबच लांब वाळूच्या दांड्या तयार होतात. आखाताच्या तोंडाशी मलाक्का बँक्स नावाने नकाशावर दाखवलेल्या वाळूच्या दांड्या याच जातीच्या. जहाजांचे कप्तान त्यांना वचकून असतात, कारण दांड्या आणि त्यांच्यामधल्या वाटा सरकतात.

इथे जरा थांबून पाहण्यासारखी गोष्ट आहे. ही दांडी वरून स्थिर दिसते, पण तिच्यातला कण न् कण प्रवासात असतो. पाठीवर वाळूच्या लाटा असतात, कधीकधी पुरुषभर उंचीच्या, आणि त्या लाटांवर पुन्हा वीतभर लाटा. चढणीवर कण घरंगळत वर जातो, माथ्यावरून पलीकडे पडतो. पुरवठा आणि प्रवाह दोन्ही चालू असतील तरच दांडी टिकते. पुरवठा वरून तुटला की ती आपलंच अंग खात राहते.

दुसरी जात म्हातारी आहे. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. पाणी ध्रुवांकडच्या बर्फात अडकलेलं. पश्चिम भारताचा किनारा तेव्हा शेकडो किलोमीटर पश्चिमेला होता. आज जिथे मुंबईच्या बोटी जाळी टाकतात त्यातला बराचसा भाग कोरडी जमीन होता. तापीही तेव्हा सुरतेला संपत नव्हती, त्या मैदानावरून पुढे जात होती. मग बर्फ वितळलं, समुद्र चढत आला. चढताना जिथे तो काही काळ रेंगाळला तिथे पुळणी, वाळूचे बांध, शिंपल्यांचे थर झाले आणि पुढच्या चढाईत बुडाले. पश्चिम किनाऱ्यासमोर खंडाच्या बुडालेल्या काठावर आतल्या बाजूला आजच्या नद्यांचा चिखल आणि बाहेरच्या बाजूला ही जुनी वाळू, अशी विभागणी समुद्रशास्त्रज्ञांनी केव्हाच नोंदवली आहे. मुंबई-सौराष्ट्रासमोरचा ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ हा चुनखडीचा विस्तीर्ण सपाट भाग त्याच बाहेरच्या पट्ट्यातला.

जगातला यातला सर्वांत गाजलेला नमुना उत्तर समुद्रातला डॉगर बँक. सुमारे 17,600 चौरस किलोमीटर. आपल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या बेरजेच्या जवळपास जाणारा. पाणी कुठे 15 मीटर, कुठे 36. हिमनद्यांनी ढकलून आणलेल्या मातीदगडांचा हा ढीग. तो बुडाला साधारण 8 हजार वर्षांपूर्वी. त्याआधी त्यावर माणसं शिकार करत होती. मच्छीमारांच्या जाळ्यात तिथून आजही मॅमथची हाडं येतात. अशा ढिगाला आता कुणी भर घालत नाही. हिमनदी परत येणार नाही.

तिसऱ्या जातीशी खान्देशाचं नातं अगदी रक्ताचं म्हणावं असं आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. धुळे-नंदुरबारच्या माळावर काळ्या भिंतीसारख्या सरळ रेषेत धावणाऱ्या टेकड्या दिसतात ना, त्या डाइक, म्हणजे जमिनीच्या भेगांत थिजलेला तोच रस. भूवैज्ञानिकांचं बहुमान्य मत असं की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणाने हा लाव्हा ओतला, त्याच्यावरून भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात ज्वालामुखींची रांग उरली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, थेट रियुनियन बेटापर्यंत. ते डोंगर थंड झाले, जड झाले, हळूहळू खचू लागले. त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वस्ती करून होते. डोंगर जेवढा खाली जाई तेवढं प्रवाळ वर बांधत जाई, कारण त्याला उजेड लागतो. ज्या डोंगराचा वेग प्रवाळाला झेपला तिथे बेट उरलं. जिथे झेपला नाही तिथे पाण्याखालचा पसरट माथा उरला. लक्षद्वीपच्या उत्तरेला असे बुडालेले माथे आहेत. प्रवाळ आणि खचता डोंगर यांची ही जोडगोळी चार्ल्स डार्विनने 1842 मध्येच मांडली होती, तीही समुद्रतळ न पाहता. आपल्याला जवळचा प्रवाळी उंचवटा म्हणजे विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवरचा आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेला हा माथा पाण्याखाली 20 मीटरच्या आसपास आहे. त्याच्या भोवती समुद्र कितीतरी खोल.

घडण वेगळी, तरी या सगळ्या उंचवट्यांचा उपयोग एकच. खोल पाण्यातला प्रवाह त्यांना धडकून वर चढतो आणि तळाचं खत उजेडात आणतो. उजेड आणि खत एकत्र आले की सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यामागे कोळंबी, तिच्यामागे मासा, त्याच्यामागे माणूस. न्यूफाउंडलंडच्या ग्रँड बँक्सवर चारशे-पाचशे वर्षं युरोप पोसला गेला. तिथला कॉड मासा अतिउपशाने संपत आला आणि 1992 च्या जुलैत कॅनडाने मासेमारीच बंद केली. सुमारे 30 हजार माणसांचं काम गेलं. तिथे तर तळ जागेवर होता, फक्त मासा उपसला होता. आपण तळच उपसायला निघालो आहोत.

आता कोल्लमकडे पाहा. तिथले तीन गट मिळून सुमारे 242 चौरस किलोमीटर, पाण्याची खोली 50-60 मीटरच्या घरात, वाळू सुमारे 30 कोटी टन. आपल्या हिशेबात साडेसहा कोटी ब्रासच्या आसपास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट)! एवढ्या खोलीवर आजच्या नदीची वाळू सहसा पोहोचत नाही; केरळच्या नद्यांचा जड माल बराचसा आधी कायलांमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सरोवरांमध्येच अडकतो. म्हणजे हा साठा मुख्यत्वे दुसऱ्या जातीचा मानायला हवा, बुडालेल्या किनाऱ्याचा. आणि तो आहे कोल्लम बँक या नावाजलेल्या मासेमारीच्या क्षेत्रात. 2023 मध्ये दुरुस्त झालेल्या सागरी खनिज कायद्यात उत्पादनाचा पट्टा 50 वर्षांचा आहे. पन्नास वर्षं! आपल्याकडे वाळूघाटाचा ठेका थोड्याच मुदतीचा असतो, तरी मुदत संपता संपता पात्र ओळखू येत नाही.

ते पात्र कसं दिसतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. गिरणेच्या काठी उन्हाळ्यात उतरा. जिथे गुडघाभर रुतणारी वाळू होती तिथे आता पिवळट कडक माती उघडी पडलेली असते, पोकलेनच्या दातांच्या समांतर रेघा तिच्यावर स्पष्ट. मध्येच खड्डे, त्यांत हिरवं साचलेलं पाणी. काठावर ट्रॅक्टरने पाडलेला उतार. पाणीपुरवठ्याची विहीर पात्रात असते, तिचं गोल कडं जमिनीपासून उंच लटकतं, कारण भोवतालची वाळू गेली. नदीतली वाळू म्हणजे पाण्याची टाकी; कणाकणांमधल्या पोकळीत पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत राहतं आणि काठच्या विहिरींना मिळत जातं. ती गेली की पूर येतो तसा निघून जातो. गावातली म्हातारी माणसं अहिराणीत दोनच शब्दांची वाक्यं बोलतात: ‘वाळू गयी, पानी गयं.’ शासनही हे जाणतं. नाहीतर यावल-रावेरची खालावलेली भूजल पातळी उचलायला तापी मेगा रिचार्जचा करार 2025 मध्ये मध्य प्रदेशाशी कशाला केला असता? एका हाताने जमिनीत पाणी घालण्याची योजना, दुसऱ्या हाताने पाणी धरणाऱ्या वाळूचा लिलाव. असो.

कागदावर मात्र गिरणेची वाळू दरवर्षी पुन्हा भरते. ‘पुराने पुनर्भरण होते’ हे वाक्य प्रत्येक घाटाच्या अहवालात सापडेल. सिद्धान्त खोटा नाही. नदी खरंच वाळू आणते. पण वर धरण बांधलं की ती धरणात पडते, आणि खाली मोजमाप ज्याने करायचं त्यालाच महसुलाचं उद्दिष्ट दिलेलं असतं. मग आकडा उपशाच्या मापाने शिवला जातो. महाराष्ट्राचं वाळू धोरणही बदलत राहतं: 2023 मध्ये सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रास, 2025 मध्ये पुन्हा लिलाव आणि जोडीला कृत्रिम वाळू. धोरण कुठलंही असो, रात्रीचे ट्रॅक्टर तेच असतात आणि आडवा जाणारा तलाठी मार खातो.

आणि ही स्थिती जिथे सगळं डोळ्यांसमोर आहे तिथली. काठावर गाव आहे, ग्रामसभा आहे, फोटो काढणारी पोरं आहेत, हरित लवादात जाणारा एखादा चिवट माणूस आहे. पन्नास मीटर पाण्याखाली कोण बघणार? तिथे जहाज मोठ्या नळीने तळ ओढतं. नळीच्या तोंडाशी वाळूबरोबर शिंपले, किडे, माशांची अंडी, सगळं वर येतं. वाळू पोटात राहते आणि गढूळ पाणी कडेवरून परत समुद्रात सांडतं. तो गढूळपणा प्रवाहाबरोबर पसरतो, खाली बसतो, आणि जिथे उपसा नव्हता तिथलाही तळ बारीक चिखलाने झाकतो. खोल आणि संथ पाण्यात पडलेला खड्डा वर्षानुवर्षं, काही ठिकाणी दशकानुदशकं बुजत नाही. बुजलाच तर वाळूने नाही, चिखलाने.

यावर हमखास येणारं उत्तर नेदरलँड्सचं. तो देश दरवर्षी समुद्रातून प्रचंड वाळू काढतो, हे खरं आहे, आणि हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पण तिथे 20 मीटर खोलीच्या रेषेच्या आत सहसा हात लावत नाहीत, आणि काढलेल्या वाळूचा मोठा भाग किनाऱ्यावरच घालतात, कारण सुमारे पाव देश समुद्रपातळीच्या खालचा. तळाचे नकाशे दशकानुदशकं अद्ययावत ठेवल्यानंतरची ही शिस्त आहे. ब्रिटननेही समुद्रातून वाळू काढली, पण त्याच ब्रिटनने 2022 मध्ये आपल्या वाट्याच्या डॉगर बँकवर तळ खरवडणारी जाळी ओढायला बंदी केली. कुठला उंचवटा वापरायचा आणि कुठला राखायचा, हे त्यांनी वेगळं केलं. आपण आधी गट पाडले, मग लिलाव काढला, आणि मच्छीमारांना वर्तमानपत्रातून कळलं.

आपल्या अंगणातलाही हिशेब मांडायला हवा, नाहीतर हा सगळा उपदेश केरळाच्या जिवावर होईल. खंभातच्या दांड्यांना तापीचा माल लागतो म्हणालो. तो आज जातो किती? 1972 मध्ये उकाई धरण पूर्ण झालं, नवापूरकडच्या गावांनी त्यासाठी जमिनी दिल्या, आणि त्या दिवसापासून तापीचा जड गाळ त्या जलाशयात उतरू लागला. त्याच्या वर 1982 चं हतनूर. त्याचे 41 दरवाजे उघडले की बातमी होते, पण पूर्णेने आणून टाकलेल्या गाळाची बातमी होत नाही, आणि तो गाळ धरणाचं पोट केव्हापासून भरतो आहे. मध्ये सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशाचे बंधारे. म्हणजे जिथे गाळ नको तिथे ढिगाने पडलाय आणि जिथे हवा, त्या खाडीतोंडाला उपास. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याची धूप होते, तिला एकटं उकाई जबाबदार नाही. पण पुरवठा तोडणाऱ्यांच्या यादीत ते आहे.

म्हणून वाळूची गरज भागवायची तर सुरुवात इथून करावी. दगडखाणींची कृत्रिम वाळू सरकारी बांधकामांना सक्तीची करा, आणि ती सक्ती निविदेत दिसू द्या. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ 2017 मध्ये सुरू झालं. पोयटा शेतकरी उचलतो, कारण त्याला त्याचा भाव कळतो. त्याच धरणांच्या शेपटाकडच्या भागात जड वाळूही साचते, कारण पाणी प्रथम तिथे मंदावतं. ती मोजून काढा. धरणाला पोट मिळेल आणि गिरणेला श्वास. यात कंत्राटदार नाराज होतील. ते आत्ताही कुठे खूश आहेत!

आणि समुद्राच्या बाबतीत खान्देशाच्या चार खासदारांनी, जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार, लोकसभेत काही साधे प्रश्न विचारावेत. लिलावाला काढलेला प्रत्येक उंचवटा कुठल्या काळातला आणि कशाने घडलेला, याचा अहवाल मच्छीमारांच्या भाषेत प्रसिद्ध झाला आहे का? त्या वाळूला आज कुठून भर पडते, आणि वर्षाला किती? भर पडत नसेल तर तिथल्या उपशाला खाण म्हणून बंदिस्त मर्यादा कोणती? तळाचं मोजमाप ठेकेदाराच्या जहाजावरून होणार की दुसऱ्या कुणाच्या, आणि ते आकडे कोल्लमच्या बंदरावरच्या फळ्यावर दर महिन्याला लागणार का? 12 सागरी मैलांपुढची रॉयल्टी केंद्राकडे जाते, मग जाळं रिकामं आलेल्या बोटवाल्याची भरपाई कुणाच्या खात्यातून? ही उत्तरं आल्यावर लिलावाची तारीख ठरवावी. आपल्या वाळूघाटांच्या वेळी असे प्रश्न कुणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तर निदान पात्रातल्या विहिरींसाठी दर उन्हाळ्यात टँकरची निविदा काढावी लागली नसती.